तीस डिसेंबरची पिशवी

बोहुमिल क्रेयचीला जपानात चौदा वर्षं झाली होती, आणि या चौदा वर्षांत "तुमचं जपानी फार छान आहे हो" हे वाक्य त्याने चार हजार वेळा तरी ऐकलं असेल. पोस्टात ऐकलं, भाजीवाल्याकडे ऐकलं. एकदा तर दातांच्या डॉक्टरने दाढेत चिमटा घातलेला असताना त्याला ते ऐकवलं, तेव्हा तो नुसता "आ आ" करत होता. पहिली दोन वर्षं त्याला या वाक्याने गुदगुल्या व्हायच्या. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला, की घरच्या माणसाला हे कोणी म्हणत नाही. आपल्या पोटच्या पोराला कोणी "लाजू नका, पोटभर जेवा" म्हणतं का? ते पाहुण्यालाच म्हणायचं असतं. त्या दिवसापासून ते वाक्य त्याला चटके देऊ लागलं. त्याने मनोमन शपथच घेतली, की जीव गेला तरी आपण दुसऱ्या कुठल्या परदेशी माणसाला असं म्हणणार नाही. स्वतःला मात्र कोणी म्हटलं की तो कमरेत वाकून ठरलेलं उत्तर द्यायचा, "नाही हो, अजून खूप शिकायचंय." तिथे तेच द्यायचं असतं.

तो मूळचा चेक. पण तोयामाच्या समुद्रकाठच्या त्या गावात गोरा माणूस म्हणजे अमेरिकन, आणि अमेरिकन म्हणजे इंग्रजीचा मास्तर, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे बोहुमिल चौदा वर्षं गावातल्या पोराबाळांना इंग्रजी शिकवत होता, जे तो स्वतः प्रागमध्ये संध्याकाळच्या वर्गात शिकला होता. नावाचा उच्चार गल्लीला जमेना म्हणून तो झाला 'बोफु-सान'. देवळामागच्या त्या गल्लीत अठरा घरं आणि कोपऱ्यावर एक दुमजली भाड्याची इमारत. अठरांतलं एक जुनं लाकडी घर बोफु-सानचं, अर्थात भाड्याचं.

आणि जपानीपणाचं म्हणाल, तर गल्लीतल्या कोणी त्याचा हात धरला नसता. दाराला नववर्षाचा गवती दोर टांगायचा तो अठ्ठावीस तारखेला. एकोणतीस अशुभ, आणि एकतीसला टांगणं म्हणजे देवाची बोळवण. हे बोहुमिलला पाठ. शेजारचे लोक वाण्याकडून प्लास्टिकचा दोर आणून सवडीने केव्हाही अडकवायचे. समोरच्या नाकादे आजी शहाऐंशी वर्षांच्या, जन्म याच गल्लीतला. त्यांना त्याने एकदा पाऊण तास उभं करून वर्षअखेरच्या शेवया का आणि कशा खायच्या ते समजावलं होतं. आजी म्हणाल्या, "असं का? मला मेलीला ठाऊकच नव्हतं," आणि घरात जाऊन टीव्ही लावला. बोहुमिलला वाटलं, आजींच्या ज्ञानात भर पडली.

या हिवाळ्यात मात्र त्याचा सगळा जीव एका कागदात अडकला होता. त्याची शाळा मार्चमध्ये बंद होणार होती. गावात पोरंच उरली नव्हती, शिकवणार कोणाला? नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बोफु-सान गेले. वाट एकच होती, कायम वास्तव्याचा परवाना. अर्ज भरून तयार होता, दाखले, फोटो, सगळं जागच्या जागी. फक्त एका जपानी माणसाची हमी हवी होती, की हा गृहस्थ सरळ आहे आणि मी याला ओळखतो. शाळेच्या मालकाने कपाळाला हात लावून सांगितलं, "काय करू हो, आईने मरताना शपथ घातलीय, कोणाला जामीन राहू नकोस." ही आई दर मंगळवारी शाळेमागच्या मैदानात म्हाताऱ्यांबरोबर चेंडू टोलवायला यायची. शेवटी गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर होरिगुची-सान हो म्हणाले. "चार तारखेला या. नव्या वर्षात, नव्या शाईने शिक्का मारू," म्हणाले. कागदावर नुसती सही पुरत होती, पण शिक्का नसलेला कागद होरिगुची-सान कागद मानत नसत.

परत जायचं तर कुठे जायचं? तिकडे एक बहीण होती. तिच्याशी फोनवर बोलताना बोहुमिल मध्येच वाकून नमस्कार करायचा. त्या देशात आता तो राहिला असता तर लोकांनी त्यालाच परदेशी म्हटलं असतं.

आणि मग तीस डिसेंबर उजाडला.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा लोखंडी पिंजरा होता. जळाऊ कचरा पिवळ्या पिशवीत, पिशवीवर घराचं नाव, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठच्या आत. वर्षाची शेवटची गाडी एकोणतीसला येऊन गेली होती, पुढची थेट पाच जानेवारीला. मधल्या दिवसांत कचरा आपापल्या घरात जपायचा, घरात पाहुणे असोत नाहीतर वास असो. त्या गल्लीत माणूस एक वेळ कर बुडवेल, पण कचऱ्याचा दिवस चुकवणार नाही. आणि तीस तारखेच्या सकाळी रिकाम्या पिंजऱ्याच्या मधोमध एक पिवळी पिशवी बसलेली. नावाची जागा कोरी.

बोहुमिल बर्फ ओढायचं फावडं घेऊन बाहेर पडला तेव्हा पिंजऱ्यावर एक कागदही चिकटलेला होता, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून, चारही कोपरे चिकटवून. कचऱ्याचे नियम पाळा, अशी विनंती. ती इंग्रजीत होती.

फक्त इंग्रजीत. त्या गल्लीत इंग्रजी वाचणारा माणूस एकच होता आणि तो तिथे फावडं घेऊन उभा होता. कागदात तीन चुका होत्या. मास्तराचा हात शिवशिवला, पण त्याने तो आवरला. चुका सुधारल्या असत्या तर 'वाचलं, पोचलं' अशी पावती दिल्यासारखंच झालं असतं.

"बोफु-सान, आज लवकर उठलात." नाकादे आजी त्यांच्या खिडकीत होत्या. त्या कायमच खिडकीत असत.

"रोज याच वेळेला उठतो, आजी."

"असं का? आज नेमके दिसलात बाई."

दुपारी होरिगुची-सान आले, हातात संत्र्यांची जाळीदार पिशवी. संत्री बघून बोहुमिल सावध झाला. त्या गल्लीत कोणी भांडायला आलं तर रिकाम्या हाताने येत नाही. नुसता आला तर समजावं, गप्पा मारायला आलाय. संत्री घेऊन आला तर काहीतरी गंभीर आहे.

"थंडी फार आहे, नाही?" होरिगुची-सान दारातच म्हणाले.

"फार."

"तुमच्या देशात असते का हो थंडी?"

"असते. बर्फही पडतो."

"अरे वा, बर्फ पडतो?" दर हिवाळ्यात त्यांना याचं नव्याने नवल वाटायचं. मग ते थोडा वेळ बुटांकडे बघत राहिले. "आणि वर्षअखेरीला तिकडे, म्हणजे, गाड्याबिड्या चालू असतात का? कचऱ्याच्या वगैरे?"

"होरिगुची-सान, ती पिशवी माझी नाही."

"छे छे छे! कोण म्हणतंय?" ते दोन्ही हात हलवत एक पाऊल मागे सरले. "कोणी काही म्हणालेलं नाही. सगळे अगदी गप्प आहेत. सगळे गप्प आहेत म्हणून तर मी आलो."

"मी इथे चौदा वर्षं..."

"हो ना! चौदा वर्षं! आणि जपानी किती छान बोलता." त्यांनी दातांतून हवा आत ओढली, स्स्स, आणि मान एका बाजूला कलती केली. "तो तुमचा कागद. चार तारखेला म्हणालो होतो नाही का मी. बघू या. तेव्हाचं वातावरण कसं असेल त्यावर."

वातावरण म्हणजे हवामान नव्हे, एवढं कळायला बोहुमिलला चौदा वर्षं पुरली होती. ते गेल्यावर तो त्या संत्र्यांकडे बघत बसला. बारा होती, एकही खावंसं वाटेना. राग तर असा आला होता, की पिंजरा उचलून होरिगुचींच्या अंगणात नेऊन आदळावा. पण त्याने काय केलं? चहा केला, आणि राग गिळायच्या कामी लावला. त्याला वाटलं, यालाच परिपक्वता म्हणतात.

मग तो विचाराला लागला. पिशवी आपली नाही. जपानी माणसाची असणं शक्य नाही. मग उरलं कोण? कोपऱ्यावरच्या इमारतीतली ती बाई. हा निष्कर्ष काढायला त्याला अर्धा कप चहासुद्धा लागला नाही.

ती बाई म्हणजे सुलास्त्री. जावा बेटावरची, चौतीस वर्षांची, डोक्याला रुमाल, गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. येऊन दीड वर्ष झालं होतं. बोहुमिल तिला रस्त्यात दिसला की ती हसून वाकायची आणि बोहुमिल घड्याळ बघायचा. दोन परदेशी माणसं रस्त्यात उभी राहून बोलताना दिसली की लोक त्यांना एकाच टोपलीत घालतात, अशी त्याला धास्ती होती. चौदा वर्षांचा मुरलेला माणूस आणि दीड वर्षाची कोवळी काकडी एका टोपलीत कशी चालेल?

एकतीसला सकाळी तो निघतोय तोच दारात तोमोए-सान, होरिगुचींच्या मंडळी. हातात काळ्या सोयाबीनची बरणी. तोमोए-सानचे गोड काळे दाणे म्हणजे गल्लीची शान. नववर्षाच्या ताटात ते हवेतच, आणि त्यांच्या हातचे म्हणजे बघायला नको. तीन दिवस मंद आचेवर, आणि पातेल्यात एक गंजका खिळा, दाण्यांना काळा कुळकुळीत रंग यावा म्हणून. तो खिळा त्यांच्या सासूच्या सासूचा. स्वयंपाकघरात लाल दोऱ्याने टांगलेला असायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवला जायचा. मंडळाच्या पत्रकात बोहुमिलने त्या खिळ्यावर एक पानभर लेखही लिहिला होता.

"यंदा जमतंय की नाही असं झालं होतं," तोमोए-सान म्हणाल्या. "उद्या सासूबाई येणार, मोठे दीर येणार. तीन दिवस चुलीपुढून हलले नाही बघा."

"तुमच्या हाताला चवच तशी आहे, वहिनी."

"इश्श, काहीतरीच!" त्या पिंजऱ्याकडे न बघता निघून गेल्या. न बघता जाणं जरा जास्तच नीट जमलं होतं, पण ते बोहुमिलला नंतर आठवलं.

सुलास्त्रीने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. रात्रपाळी करून आली होती. वृद्धाश्रमातल्या जपानी बाया सणाला घरी गेल्या, म्हणून तीसपासून चारपर्यंतच्या पाळ्या हिच्या गळ्यात पडल्या होत्या.

"तुम्ही या गल्लीत नव्या आहात," बोहुमिलने सुरुवात केली. आवाज होरिगुचींसारखा मऊ काढायचा त्याचा प्रयत्न होता, पण तो मास्तरांसारखाच निघाला. "इथे कचऱ्याची एक पद्धत आहे. एकोणतीसनंतर..."

"पाच तारीख," ती म्हणाली. "या ना, बघा."

तिने त्याला मागच्या गॅलरीचं दार उघडून दाखवलं. तिथे दोन पिवळ्या पिशव्या, तोंडं बांधलेली, वर ठसठशीत नाव आणि तारीख. शेजारी दुधाची खोकी कापून, धुऊन, सपाट करून दोऱ्याने बांधलेली. बाटल्यांची झाकणं वेगळी, लेबलं वेगळी. बोहुमिलला आपल्या घरची बाटल्यांची टोपली आठवली. तिच्यातली निम्मी झाकणं अजून बाटल्यांवरच होती.

"ती पिशवी माझी नाही," सुलास्त्री म्हणाली. "तुमचीही नाही, मला माहितेय."

"तुम्हाला कसं माहीत?"

ती कढईकडे वळली. "तुम्ही असं करणार नाही," एवढंच म्हणाली. मग तिने कढईतून गरम तळलेली केळी वाटीत घालून त्याच्यापुढे केली, आणि बोहुमिलने लाजत दोन खाल्ली. चौदा वर्षांत एकतीस डिसेंबरला त्याला कोणी आत बोलवून काही खायला घातलं होतं ते पहिल्यांदाच. परत येताना त्याला स्वतःची जराशी लाज वाटली.

संध्याकाळी एकटाच शेवया खाताना त्याला एक थोर कल्पना सुचली. पिशवी कोणाचीही असो, आपण ती उचलून घरात आणायची आणि पाच तारखेपर्यंत सांभाळायची. कोणाचं नाव नाही, कोणाची बदनामी नाही, वातावरण शुद्ध! याहून जपानी वागणं ते काय असणार? स्वतःच्या मोठेपणाने त्याचे डोळे पाणावले.

एक तारखेला, गल्ली अजून झोपेत असताना आणि पूर्वेला नुसतं फटफटलेलं असताना, तो गेला. पिशवी पिंजऱ्याच्या तळाला गोठून चिकटली होती. ओढली, हिसडली, शेवटी फावड्याने खरवडून सोडवली. घरात आणून ठेवतोय तोच तळ फाटला आणि सगळा ऐवज स्वयंपाकघरात पसरला.

त्यात भाजीची साल नव्हती, माशाचा काटा नव्हता. होती ती खोकी. कुठल्याशा मोठ्या दुकानाच्या 'पाच जणांच्या तीन मजली नववर्ष थाळी'ची चकचकीत वेष्टनं, आणि पाकिटं: गाजराची फुलं, तयार, माशाची गुंडाळी, तयार, आणि एक नाही, दोन नाही, अकरा पाकिटं, 'गोड काळे सोयाबीन, घरगुती चव'. घरपोच आल्याची चिठ्ठी होती, एकोणतीस तारखेच्या संध्याकाळची. तिच्यावरच्या नावावर काळ्या शाईचा रूळ फिरवलेला. पण आतल्या खोक्याला तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चिकटवलेली असते, हे शाई फिरवणाऱ्या हाताला ठाऊक नव्हतं. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, होरिगुची तोमोए.

बोहुमिल जमिनीवर बसला. म्हणजे थाळी एकोणतीसला संध्याकाळी आली, एक तारखेला सासू येणार. खोकी घरात ठेवावीत तर सासूची नजर म्हणजे कस्टमवाल्याची. गाडी तर त्याच दिवशी सकाळी येऊन गेलेली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. त्याने कपाटातली बरणी काढली, एक दाणा खाल्ला, मग पाकिटात चिकटून राहिलेला एक खाल्ला. तीच चव. मग त्याला त्या खिळ्यावरचा आपला पानभर लेख आठवला आणि तो एकटाच मोठ्याने हसला. हसता हसता थांबला. त्याच्या हातात आता होरिगुचींच्या घरची अब्रू होती आणि होरिगुचींच्या हातात त्याचा कागद.

तीन तारखेला मंडळाच्या सभागृहात नववर्षाची बैठक होती. सगळी गल्ली जमली. सुलास्त्री नव्हती, ती कामावर. तांदळाची गरम दारू साके, सुकवलेला माकूळ मासा, आणि तोमोए-सान प्रत्येकाच्या ताटलीत दाणे वाढत होत्या. "यंदाचा रंग काय सुरेख आलाय!" असं जो तो म्हणत होता. "सगळी त्या खिळ्याची करामत," असं तोमोए-सान म्हणत होत्या.

होरिगुची-सान उठले. "एक आनंदाची गोष्ट. पिंजरा मोकळा झालाय. ज्यांनी कोणी पिशवी परत घरी नेली, त्यांचे आपण आभार मानू. चूक सगळ्यांकडून होते. ती सुधारणं महत्त्वाचं."

कोणीच बोहुमिलकडे पाहिलं नाही. चोवीस माणसं इतकं मन लावून त्याच्याकडे बघत नव्हती, की त्याचे कान तापले. नाकादे आजी आपल्या ताटलीला म्हणाल्या, "एक तारखेला पहाटे सूर्य बघायला म्हणून उठले होते मी. सूर्य नाही दिसला, ढग होते. पण बोफु-सान दिसले."

धर्म करता कर्म उभं राहिलं! पिशवी उचलली आणि बोहुमिलच चोर ठरला.

होरिगुची-सान त्याच्या शेजारी येऊन बसले, त्याचा पेला भरला. "त्या कागदाचं म्हणाल, तर घाई काय आहे? पुढच्या वर्षी बघू या की." पुढचं वर्ष! मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपत होता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते प्रेमाने हसले.

बोहुमिलने मान वर केली. समोर तोमोए-सान दाण्यांचं भांडं घेऊन उभ्या. नजरानजर झाली. त्या बाईला त्या क्षणी कळलं, की पिशवी फाटली आहे. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. एक शब्द, फक्त एक नाव, आणि बोहुमिल सुटला असता. पण मग कागदावर शिक्का कोणी मारला असता? बायकोची अब्रू चव्हाट्यावर आणणाऱ्याला कोण हमी देतं? बरं, आळ स्वतःवर घ्यावा, तरी शिक्का गेलाच. तोमोए-सानने वाकून त्याच्या ताटलीत आणखी दोन डाव दाणे घातले.

बोहुमिलने दातांतून हवा आत ओढली, स्स्स, आणि मान एका बाजूला कलती केली.

"पिशवी मी उचलली, हे खरं आहे," तो म्हणाला. "गल्लीला त्रास नको म्हणून. कोणाची होती, ते आता..." पुन्हा मान कलती. "नव्या लोकांना पद्धत कळायला जरा वेळ लागतो."

तो एवढंच बोलला. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. त्यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. आणि सगळ्या सभागृहाने एकदम श्वास सोडला.

"आआ! तरीच!"

"ती कोपऱ्यावरची. म्हणजे, मी काही म्हणत नाहीये हं."

"आपले बोफु-सान कशाला असं करतील?"

"बिचारी, एकटी असते ना," तोमोए-सान सगळ्यात आधी आणि सगळ्यात मायेने म्हणाल्या. "कोण शिकवणार तिला?" वड्याचं तेल वांग्यावर इतक्या अलगद निघालं, की एक थेंब सांडला नाही.

होरिगुची-सानच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "दुसऱ्याची पिशवी स्वतःच्या घरात! आणि आम्ही काय समजत होतो!" त्यांनी जमिनीला कपाळ टेकवून माफी मागितली. पाठोपाठ चोवीस डोकी वाकली. 'आपले बोफु-सान'. चौदा वर्षं ज्या एका शब्दासाठी तो झुरला होता, तो त्याला असा मिळाला. त्याने दाणे खाल्ले. एकही न ठेवता सगळे खाल्ले.

"आणि एक विनंती," निघताना होरिगुची-सान म्हणाले. "तिला तुम्हीच समजवा. तुमचं तुम्हा लोकांना बरं कळतं."

चार तारखेला सकाळी दहा वाजता नव्या शाईने शिक्का बसला. लाल, गोल, ठसठशीत. होरिगुची-सानने फुंकर घालून तो वाळवला. तोमोए-सानने चहा आणून ठेवला आणि वर बघितलं नाही. भिंतीवर लाल दोऱ्याला खिळा टांगलेला होता, गंजलेला आणि कोरडा ठणठणीत.

घरी आल्यावर बोहुमिलने कागद पाकिटात घातला, पाकीट कपाटात ठेवलं. टेबलावर ती बारा संत्री तशीच होती. रिकाम्या हाताने जाणं बरं नव्हे, म्हणून त्याने ती जाळीदार पिशवी उचलली आणि कोपऱ्यावरच्या इमारतीकडे निघाला. वाटेत त्याने बोलायचं काय ते ठरवलं. माफी मागू. सगळं खरं सांगू. निदान तिला तरी सांगू.

सुलास्त्रीने दार उघडलं. बोहुमिलने संत्री पुढे केली, तोंड उघडलं.

"थंडी फार आहे, नाही?" तो म्हणाला.

"फार."

"तुमच्या देशात असते का हो थंडी?"

सुलास्त्रीने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या संत्र्यांकडे पाहिलं. तिच्यामागे, बुटांच्या फळीवर, आधीच आलेल्या तीन जाळीदार पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या. तिन्हींत संत्री. कालपासून तीन जणी येऊन तिला थंडीबद्दल विचारून गेल्या होत्या.

"तीस तारखेला सकाळी कामावरून येताना मी तोमोए-सानना पिंजऱ्याशी बघितलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं, तुमच्यावर आलं तर मात्र सांगेन." तिने मागे संत्र्यांच्या ओळीकडे पाहिलं. "तुमच्यावर नाही आलं. बरं झालं."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बोहुमिलला वाटलं. पण त्या गावची जमीन बर्फाखाली चार हात गोठलेली होती.

मग सुलास्त्रीने दोन्ही हात पुढे जुळवले आणि कमरेत वाकून, एकही अक्षर न चुकता, जुन्या घरंदाज जपानी बायका बोलतात त्या आदबीने म्हणाली, "माझ्या अजाणतेपणामुळे आपल्या सगळ्यांना फार त्रास झाला. मला क्षमा करावी. यापुढे मी काळजी घेईन. नव्या वर्षातही मला सांभाळून घ्यावं."

आता बोहुमिलने खरं ते बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच; त्याचा आवाज त्यालाच कोणा परक्याचा वाटला, मऊ, प्रेमळ, जरासा नवल वाटल्यासारखा.

"जपानी किती छान बोलता हो तुम्ही!"

सुलास्त्री हसली. तिने संत्री घेतली, चौथी पिशवी म्हणून ओळीत ठेवली.

"नाही हो," ती म्हणाली, "अजून खूप शिकायचंय." आणि तिने दार हळूच लावून घेतलं.